शेवंतीचं वेबिल

रविवार, 1 सप्टेंबर 2024

एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो. निवृत्त होऊन 4 वर्षं झाली, तरी वेबिल, म्हणजे कंडक्टरचा रोजचा हिशेबाचा कागद, भरल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही. म्हणून ही वही. घरात नवी सवारी आली आहे, तिचा हिशेब.

सवारी म्हणजे कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीमागं 5 जुलैला जन्मलेलं कुत्रीचं पिल्लू. गावठी, तांबूस, शेपटीचं टोक तेवढं पांढरं. नातीनं जन्मतारीख कालनिर्णयवर लिहून ठेवली होती, त्यामुळं वय नक्की : 8 आठवडे, 2 दिवस. नातीला ती दोन आठवडे आधीच हवी होती, सुनेनं अडवलं. पिल्लानं 8 आठवडे तरी आई-भावंडांत काढावेत. खेळताना किती जोरात चावलं की समोरचं केकाटतं, हे ते तिथंच शिकतं. नाव नातीनं ठेवलं. शेवंती. हाक मारायला शेवू.

घर साताऱ्यात, गोडोलीत. पहिला मजला, 18 पायऱ्या, खाली अंगण आणि लागणारं फाटक. माणसं : मी, आमची ही, सून, नात, मुलगा शनिवार-रविवार पुण्याहून येतो.

सोमवार, 2 सप्टेंबर

रात्री 11 ते 3 रडणं. खोका स्वयंपाकघरात ठेवला होता, आत माझं जुनं बनियन. तीनला खोका उचलून माझ्या कॉटशेजारी आणला आणि एक हात आत सोडला. दोन मिनिटांत घोरायला लागली, एवढासा जीव! वस्तीच्या गाडीवर आम्हीही परक्या गावात गाडीतच झोपायचो, पण शेजारच्या बाकावर ड्रायव्हर असायचा. ही आयुष्यात पहिल्यांदा एकटी झोपत होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी हिनं वाटीभर दूध-चपाती दिली. दुपारी जुलाब. उद्यापासून दूध बंद.

शू : बाहेर 6, घरात 9.

बुधवार, 4 सप्टेंबर

पहिला शब्द : बस. उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा नाकापुढं धरायचा आणि हळूच डोक्यावरून मागं न्यायचा. नाक वर जातं, बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं की 'बस' म्हणून तुकडा द्यायचा. हात फार वर गेला तर उडी मारते, फार मागं गेला तर रिव्हर्स घेते. दोन कानांच्या मधोमध, चार बोटं वर, तिथं जमतं. संध्याकाळी 10 पैकी 7.

पण घोटाळा झाला. कालपासून एसटीचा संप. जुन्या दोस्तांचे फोनावर फोन. किती बस सुटल्या, बस बंद म्हणजे गणपतीला जाणाऱ्यांनी काय करायचं, बस डेपोतच आहेत का. मी फोनवर, आणि समोर ही बया दर वाक्याला बूड टेकतेय आणि माझ्या हाताकडं बघतेय. अंडं कुठून देणार एवढं? त्यात स्वयंपाकघरातून आवाज, "अहो, आता बस झालं फोनवर!" तेव्हाही टेकलं. रात्री संप मिटला तोवर तिनं पन्नासेक वेळा तरी फुकट ड्यूटी केली. शेवटी शेवटी बसायचीच बंद झाली. बरोबरच आहे, पगार नाही तर काम कशाला.

शुक्रवार, 6 सप्टेंबर

काल पहिली लस. पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे आजारांची एकत्र सुई, आता तीन-चार आठवड्यांनी पुढची, 16 आठवडे होईपर्यंत. जंताचं औषधही. तोवर रस्त्यावर पाय टेकवायचा नाही असं डॉक्टर म्हणाले. पार्व्हो आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो आणि जमिनीत महिनोन् महिने तग धरतो.

रात्री जेवताना घरात मीटिंग. मी 'बस' म्हणतो, ही 'बैस गं बाई', नात 'सिट', मुलगा फोनच्या स्पीकरवरून 'सिट डाऊन'. चार जणांचे चार शब्द, आणि त्यातला एक घरात दिवसातून शंभरदा या ना त्या कारणानं उच्चारला जाणारा. असा शब्द हवा, जो एरवी कुणी वापरत नाही. 'बूड टेक' मधला 'टेक' मी सुचवला.

नात म्हणाली, "आबा, टेक म्हणजे घे."

म्हटलं, "ते इंग्लिश मीडियमच्या कुत्र्याला. ही गिरणीमागची आहे."

फ्रिजवर पाटी लावली : टेक, ये, सोड, थांब, जागेवर. दुसरा शब्द वापरील त्यानं भांडी घासायची.

रविवार, 8 सप्टेंबर

काल गणपती बसले. आरतीला माणसं, टाळ, घंटा. शेवूला दाराआडून सुनेच्या मांडीवर बसवून ऐकवलं, घाबरली नाही. घाबरलो आम्ही. खिरापतीतला बेदाणा खाली पडला आणि तिनं तोंडात घेतला. सुनेनं बोट घालून काढला. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जातात, आणि किती खाल्ल्यावर बाधतील याचा भरवसा नाही. कांदा-लसूण, चॉकलेट हेही विषच. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आमच्या गावच्या मोत्यानं जन्मभर आमटी-भाकरी खाल्ली. बारा वर्षं जगला म्हणा, पण त्याच्या आधीचे दोन का गेले हे कुणी विचारलं नव्हतं.

बुधवार, 11 सप्टेंबर

माझ्या हातून झालेली चूक आहे, म्हणून नीट लिहितो.

सोमवारी आरतीला आलेल्या एका शेजाऱ्यांनी सल्ला दिला, "घरात मुतली की नाक तिथं घासा आणि एक चापट द्या. आमचा चार दिवसांत सुधारला." मंगळवारी सकाळी दिवाणखान्यात केलेलं दिसलं. केव्हा केलं होतं कोण जाणे. मी नाक घासलं. चापट नाही, पण आवाज चढवला. ती आडवी पडली, पोट वर केलं आणि तिथंच पुन्हा थोडी झाली. मला वाटलं, समजलं हिला.

काल त्यानंतर दिवसभर घरात एकही डाग नाही. मी खूश, वहीत 'घरात 0' लिहिलं. आज सकाळी ही तांदळाच्या पिंपामागं झाडायला गेली, तर तिथं तीन ठिकाणी वाळलेलं. शेवूला खाली अंगणात नेलं तर माझ्याकडं बघत नुसती उभी. मी पाठ केली तरी नाही. वर आलो, मी आंघोळीला गेलो, लगेच पिंपामागं. हिला समजलं होतं ते एवढंच : हा म्हातारा बघत असताना मुतायचं नाही. घर आणि अंगण यातला फरक त्यात कुठंच नव्हता. कालचा शून्य खोडला.

दुपारपासून नवं टाइमटेबल. झोपून उठली की, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि एरवी दर दीड तासाला खाली. उचलूनच न्यायची, कारण जिन्यात चालवली तर सातव्या पायरीवर स्टॉप घेते. जास्वंदीखाली ठरलेली जागा. मी हलायचं नाही, बोलायचं नाही. झाली की लगेच, तिथंच, अंडं. वर येऊन दिलं तर तिला वाटतं जिना चढल्याचं बक्षीस. घरात केलं तर न बोलता पुसायचं. फिनेल बंद, चाटणाऱ्या पिल्लाला ते विषारी. पाण्यात व्हिनेगर घालून पुसतो. वास राहिला तर जागा कायमची नोंदवली जाते.

रात्रीचा गजर 2 चा आणि 5 चा. पहाटे पाचला मला कसाही उठायची सवय आहे.

बाहेर 4, घरात 8.

शनिवार, 14 सप्टेंबर

तीन दिवस लागले तिला माझ्यासमोर मोकळी व्हायला. आज सकाळी जास्वंदीखाली बसली आणि शेपूट हलली. बाहेर 9, घरात 3.

आज नातीच्या मनगटावर दात लागला. रक्त नाही, पण ओरखडा स्पष्ट. साबण लावून नळाखाली 15 मिनिटं धुतलं, घड्याळ लावून. मग सरकारी दवाखान्यात. पिल्लाला रेबीजची लस झालेली नाही, तेव्हा घरचं पिल्लू, लहान पिल्लू ही सबब चालत नाही. सुया 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. तिसरा दिवस अनंत चतुर्दशीचा, अठ्ठाविसावा नेमका दसरा. नातीनं कार्डाकडं बघून विचारलं, "शेवूला पण टोचणार ना?" तेवढ्यावर समाधान.

चावण्याचं म्हणाल तर दात सुईसारखे आणि हिच्या साडीचा काठ, नातीची बोटं, माझा पायजमा सगळं सारखंच. ओरडलं की तिला खेळ वाटतो. आता नियम असा की दात कातडीला लागला की खेळ संपला. उठायचं, पाठ फिरवायची, अर्धा मिनिट दुसऱ्या खोलीत. नातीला हे सगळ्यात आधी जमलं, मला सगळ्यात शेवटी. मी बोलत बसतो. चावायला म्हणून फ्रिजमधलं गाजर.

रविवार, 22 सप्टेंबर

मुलगा क्लिकर घेऊन येणार होता. टक असा आवाज करणारी डबी. योग्य क्षणी टक वाजवायचं आणि लगेच खाऊ. शब्द उच्चारेपर्यंत कुत्रं उठून गेलेलं असतं, टक त्याच क्षणावर बोट ठेवतं. तो आणायचा विसरला. सून समजावून सांगत होती आणि मी उठून कपाट उघडलं.

तिकिटाचा चिमटा. मशिनं येण्याआधी आम्ही तिकिटाला भोक पाडायचो तो. गर्दीत पुढं सरकवायला दांड्यावर वाजवायचो, नुसता हवेत दाबला तरी टक. माझा स्वतःचा, पदरचे पैसे घालून घेतलेला, कारण डेपोतला नेहमी अडकायचा. स्प्रिंगला शिलाई मशीनचं तेल दिलं. पहिल्या टकेला शेवू कॉटखाली पळाली. मग चिमटा पंचात गुंडाळून पाठीमागं धरला. टक, अंडं. टक, अंडं. काही सांगायचं नाही, करवून घ्यायचं नाही. पंधरा वेळा. सोळाव्या टकेला ती दारातून वळून धावत आली.

मग 'टेक'. बूड फरशीला लागलं त्या क्षणी टक. 10 पैकी 10. मुलानं व्हिडिओ काढला. त्यात तिच्यापेक्षा माझंच तोंड जास्त उघडं आहे.

बुधवार, 25 सप्टेंबर

अतिहुशारी नडली. एसटीत एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल, हे तुम्हाला माहीतच आहे. मला वाटलं, चिमटा आहेच हातात. एक टक म्हणजे थांब, दोन म्हणजे ये. दोन दिवस शिकवलं. परिणाम असा की एक टक झाली की ती खाऊसाठी येते, दोन झाल्या की दोन खाऊंसाठी येते, आणि न मिळाल्यावर भुंकते. सून म्हणाली, "बाबा, टक म्हणजे पगार झाला असं आपणच तिला सांगितलंय. आता तीच हुकूम कशी होईल?" मान्य. चिमटा फक्त पगाराला.

शनिवार, 28 सप्टेंबर

आज जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चरची पुण्यतिथी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मोफत लसीकरण. शेवू 12 आठवडे पूर्ण, त्यामुळं रेबीजची पहिली सुई आणि एकत्र लसीची दुसरी. रांगेत बोकड, दोन म्हशी, एक लॅब्रडॉर. नात मुद्दाम सोबत आली आणि सुई टोचताना "आता कळलं?" म्हणाली.

जमिनीवर सोडायची नाही, पण जग दाखवायचंय. साडेतीन महिन्यांपर्यंत जे दिसतं-ऐकू येतं ते पिल्लाला आपलं वाटतं, पुढं नव्याची भीती वाढते. म्हणून गेले दहा दिवस तिला बाजाराच्या पिशवीत घालून स्टँडवर नेतो. कडेच्या बाकावर मांडीवर पिशवी, बाहेर फक्त डोकं. हॉर्न, लाउडस्पीकरवरची गाड्यांची नावं, काठी टेकत जाणारे म्हातारे, हेल्मेट घातलेली माणसं. हेल्मेटला पहिल्या दिवशी गुरगुरली. अंतर ठेवून, दर हेल्मेटमागं अंड्याचा तुकडा. आता हेल्मेट दिसलं की माझ्याकडं बघते.

रविवार, 6 ऑक्टोबर

'ये' ला येत नाही. आली तर आली. कारण शोधायला दोन दिवस घरातले 'ये' मोजले. ये जेवायला, ये गं इकडं, आलेच ये, फोनवर ये ना कधीतरी. एका दिवसात 64. 'बस' च्या वेळचीच चूक, दुसऱ्यांदा.

आणि काल मी जास्वंदीजवळ 'ये, ये' करत उभा असताना वरच्या गॅलरीतून हिनं हाक मारली, "यू यू यू यू!" शेवू बाणासारखी 18 पायऱ्या चढली. जिना एकटीनं चढल्याचीही ही पहिलीच वेळ. हिच्या माहेरी मेढ्याकडं कुत्र्याला असंच बोलावतात. पाटीवर ही हाक नव्हती, म्हणून बिचारीनं महिनाभर वापरली नव्हती.

सुनेनं यावर एक गोष्ट सांगितली. पॅट्रिशिया मॅककॉनेल नावाच्या अमेरिकन बाईंनी वेगवेगळ्या भाषांतल्या जनावरं हाकणाऱ्यांचे आवाज रेकॉर्ड करून तपासले होते. बोलवायला, पळवायला माणसं छोटे, तुटक, पुन्हा पुन्हा आवाज काढतात. शांत करायला, थांबवायला एकच लांब. भाषा कुठलीही असो. मी म्हटलं, आमचे वडील बैलाला थांबवताना 'होऽऽऽ' असं एकच लांबवायचे, आणि एक बेल-दोन बेल आम्हाला काय अमेरिकेनं शिकवली?

पाटी बदलली. 'ये' खोडून 'यू यू यू'. 'थांब' च्या जागी 'होऽऽ' आणि पुढं पंजा, हात दाखवा गाडी थांबवासारखा. हाताची खूण तर तिनं आवाजाच्या आधी उचलली.

आजपासून फटाक्यांचं रेकॉर्डिंगही. फोन उशीखाली, आवाज जेमतेम, ती जेवत असताना. दिवाळीला 25 दिवस आहेत.

शनिवार, 12 ऑक्टोबर, दसरा

नातीची चौथी सुई झाली. शेवूला आपट्याचं पान दिलं, खाल्लं. बाहेर 7, घरात 1, तोही पाहुणे आल्याच्या आनंदात.

शनिवार, 26 ऑक्टोबर

16 आठवडे. एकत्र लसीची तिसरी सुई. अजून दोन आठवड्यांनी रस्ता. नगरपालिकेत परवान्याची चौकशी करायची आहे.

शुक्रवार, 1 नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये दिवाळीला फटाक्यांसाठी रात्री 8 ते 10 अशी वेळ घालून दिली होती. आमच्या आळीत साडेसहालाच सुरुवात.

आठपर्यंत ठीक. खिडक्या बंद, पडदे, रेडिओ मोठ्यानं. प्रत्येक धमाक्याला चिकनचा तुकडा, घेत होती. सव्वाआठला बरोबर घराखाली सुतळी बॉम्ब. त्यानंतर तिनं तोंडाजवळचं चिकनही हुंगलं नाही. दिवाणाखाली, ट्रंकेच्या मागं जाऊन थरथरत बसली. नातीला ओढून काढायची होती, मी नको म्हटलं. तिनं स्वतः निवडलेली जागा आहे, तिथंच राहू दे. मी फरशीवर बसून राहिलो, हात आत. हातावर हनुवटी ठेवली तिनं. पूजेचा नैवेद्य हिनं मला तिथंच आणून दिला. पावणेबाराला खाली नेली.

25 दिवसांचं रेकॉर्डिंग उशीखालच्या फोनाइतकंच कामी आलं. बॉम्ब जमिनीतून अंगात येतो, ते फोन कसं दाखवणार? खाऊ घेते की नाही हाच तिचा थर्मामीटर. नाही घेतला म्हणजे शिकवणं बंद, सोबत सुरू.

मंगळवार, 5 नोव्हेंबर

झाडताना पायपुसण्यावर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी. समोरचा दात. खालून नवा डोकावतोय. दुधाचे 28 जाऊन 42 येणार. नातीचाही मागच्या आठवड्यात पडला. दोन्ही एका काडेपेटीत.

बुधवार, 13 नोव्हेंबर

तुळशीच्या लग्नाला सगळे शेजारी गेलो, 40 मिनिटं. एकटं राहायचा सराव 2, 5, 10 मिनिटांपर्यंतच झाला होता. आम्ही एकदम मुक्कामी गाडी सोडली. माझी डाव्या पायातली कोल्हापुरी गेली. अंगठा शिल्लक आहे. चिडलो नाही, कारण चप्पल दारात मीच ठेवली होती. 'सोड' म्हटल्यावर उरलेला तुकडा मात्र लगेच हातात दिला आणि गाजराची वाट बघत उभी राहिली.

शनिवार, 23 नोव्हेंबर

विधानसभेचा निकाल. दुपारी गुलाल, ताशा, माळा. चार मिनिटं थरथरली, मग पाचव्या तुकड्याला तोंड उघडलं. दिवाळीला साडेतीन तास लागले होते.

रविवार, 1 डिसेंबर

पहिल्यांदा स्वतःच्या चार पायांनी स्टँडवर. छातीचा पट्टा, सैल दोरी. दोरी ताणली की मी थांबतो, सैल झाली की चालतो. वीस मिनिटांच्या रस्त्याला पन्नास मिनिटं लागली. नेहमीच्या बाकाशेजारी उभे राहिलो. आजूबाजूला पिशव्या, बिस्किटांचे कागद, एक मोकाट कुत्रा. 'होऽऽ' म्हटल्यावर तिनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. चिमटा वाजवला, अंडं दिलं.

एवढ्यात मेढ्याची गाडी भरली. दारात नवा पोरगा, मशीन गळ्यात. "चला, मधे उभं राहू नका, बसून घ्या, बसून घ्या!"

शेवूनं बूड टेकलं आणि माझ्या हाताकडं पाहिलं. सप्टेंबरातल्या त्या दोन दिवसांचं अजून लक्षात होतं. खिशात शेवटचा तुकडा होता, दिला.

मग आतून दोन बेल झाल्या आणि बाकावर टेकलेला मी उठून उभा राहिलो.

बाहेर 5, घरात 0.